थर्मोची शेवटची सहा मिनिटं

मार्च लागला की आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दोन गोष्टी वाळत पडतात : कुरडया आणि विद्यार्थी. कुरडयांवर कुणीतरी जुनी साडी तरी पांघरतं, विद्यार्थी उघडेच असतात. पुस्तक छातीशी धरून, ओठांतल्या ओठांत पुटपुटत ते पाण्याच्या टाकीला प्रदक्षिणा घालतात. मी संध्याकाळी पाय मोकळे करायला वर जातो तेव्हा त्यांना वाटत असावं, काका आपल्याकडे कौतुकाने बघतायत. काका त्यांच्याकडे बघतच नसतात. काकांच्या डोक्यात ऑर्गन वाजायला लागलेला असतो.

माझ्या मेंदूची वायरिंगच अशी झाली आहे. तापलेली गच्ची, माठातल्या पाण्याला येणारा वाळ्याचा वास, कुठल्यातरी खिडकीतून येणारं पाठांतर, यातलं काहीही आलं की मला एका परदेशी बँडचं संगीत ऐकू येतं. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्या प्रकारातला बँड. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : साध्या रॉकमध्ये तीन मिनिटांत गाणं संपतं. यात तीन मिनिटं झाली तरी गाणं सुरू झालंय की अजून वाद्यं लावतायत, याचा पत्ता लागत नाही. बँडचं नाव मी सांगणार नाही. नाव सांगितलं की जो तो आपापली मतं घेऊन पुढे सरसावतो, आणि या लेखात मतं मांडायचा हक्क मी माझ्याकडे राखून ठेवला आहे.

मतं माझ्याकडे भरपूर आहेत. त्यातल्या एका मतापायी मी माझा सगळ्यात जवळचा मित्र घालवला. आणि ते मत साफ चुकीचं निघालं. हे मला कळून आज तीन आठवडे झाले. त्याच्याकडे जाऊन एवढंच सांगायचं आहे की बाबा रे, तू बरोबर होतास. तो राहतो माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर, आणि मी गच्चीवर चकरा मारतोय.

हे सगळं सुरू झालं ते इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी, परीक्षेच्या दिवसांत. ठाण्याला नौपाड्यात दातांचे एक डॉक्टर होते, त्यांच्याकडे मी अक्कलदाढ काढायला गेलेलो. आतल्या खोलीत रेकॉर्ड लागलेली. दाढ उपटली जात असताना मी असं काही ऐकलं की भूल उतरल्यावरही उठेना. डॉक्टरांना माझ्यात एक गिऱ्हाईक आणि एक शिष्य असे दोन्ही दिसले असावेत. ते म्हणाले, "कॅसेट आणून दे, भरून देतो." पुढे मी दर आठवड्याला जाऊ लागलो. घरी सांगितलं, हिरड्या दाखवायला जातो.

घरी अडचण होती ती बाबांची. परीक्षेच्या दिवसांत आमच्या घरात बातम्यांखेरीज काही वाजायचं नाही. मग मी कॅसेटींवर विषयांची नावं घातली. 'गणित तीन', 'फ्लुइड', 'थर्मो', 'स्ट्रेंग्थ'. विचारलं तर सांगायचं, सरांची लेक्चरं टेप केली आहेत. बाबा इतके खूश झाले की शेजारच्या जोशीकाकांना सांगून आले, "आमचा नंदू प्राध्यापकांची व्याख्यानं ध्वनिमुद्रित करून ऐकतो." एकदा मी अंघोळीला गेलेलो असताना त्यांनी कौतुकाने 'थर्मो' लावून बघितली. त्या अल्बमच्या सुरुवातीला चार मिनिटं नुसता वारा वाहतो आणि लांबवर कुठेतरी एक सूर घुमत राहतो. मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो, तर बाबा टेपसमोर ताठ बसलेले. मला म्हणाले, "तुमचे सर अजून वर्गावर आलेले दिसत नाहीत." आणि बंद करून पेपर वाचायला गेले.

पुढे मला अल्बमची खरी नावं कळली, पण ती परकी वाटतात. माझ्यासाठी ते विषयच. 'गणित तीन' हा त्यांचा पहिला अल्बम, आणि पहिल्या अल्बमचा सगळा दोष त्यात आहे : येतं तेवढं सगळं एकाच पेपरात लिहून टाकायची घाई. ड्रमवाला तर पुरवण्या मागत सुटलाय. 'फ्लुइड' लोकांना फार आवडतो. बासरी आहे, पाणी आहे, धुकं आहे. मला तो अंघोळीच्या पाण्यासारखा वाटतो, कोमट आणि निरुपद्रवी. लोकांना आवडतो म्हणून मी मत बदलणार नाही. 'स्ट्रेंग्थ' मध्ये छोटी छोटी गाणी आहेत, रेडिओवर लागतील अशी. ज्याचं नाव स्ट्रेंग्थ त्यात ती अजिबात नाही, पण नाव मीच ठेवलेलं असल्यामुळे बँडला दोष देता येत नाही. आणि 'थर्मो'. 'थर्मो' हे शिखर आहे. एका बाजूला एकच सलग रचना, आणि ती ज्याने ऐकली नाही त्या माणसाशी मी वाद घालत नाही, त्याची कीव करतो.

ही सगळी मतं तयार झाली ती जन्याच्या फ्लॅटमध्ये.

जनार्दन माझ्याच वर्गात. त्याचं घराणं इथलं, मूळ गावातलं. आम्ही बाहेरून येऊन डोंबिवलीकर झालेलो, आणि जन्याचे आजोबा जिथे भात लावायचे तिथे आमच्यासारख्यांच्या बिल्डिंगा उभ्या राहत होत्या. अशाच एका बिल्डिंगमध्ये, जमीन दिली म्हणून, त्याच्या वडिलांना तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मिळालेला. तो रिकामाच होता. परीक्षेआधीच्या सुट्टीत आम्ही दोघे रोज दुपारी तिथे अभ्यासाला जायचो. चुन्याचा ओला वास, उघड्या पाठीला गार लागणाऱ्या लाद्या, खिडकीतून दिसणारी कापणी झालेली भुरकी शेतं, आणि वारा फिरला की एमआयडीसीकडून येणारा तो उग्र वास, ज्याला आम्ही ऋतूंपैकीच एक समजायचो. जन्याची आई तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी पाठवायची. आमच्या घरी कांदासुद्धा तिथी बघून चिरायचे. मी तिथे बोटं चाटून जेवायचो आणि घरी जाताना मूठभर बडीशेप चावायचो. आई म्हणायची, "हिरड्यांसाठी बरं आहे हो."

रिकाम्या खोलीत आवाज घुमायचा. जन्याच्या काकांनी मस्कतहून आणलेला टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र, आम्ही मधोमध ठेवायचो आणि भिंतींना टेकून बसायचो. मीटर बसला नव्हता, त्यामुळे सहा सेलांवर सगळा कारभार. 'फ्लुइड' मधला गायक खर्जात गातो, त्याच्या आवाजाला एक थकलेलं शहाणपण आहे, असं मत मी दोन महिने बाळगून होतो. नवे सेल घातल्यावर टेप नीट वेगाने फिरली आणि तो एकदम पोरगेला झाला.

मी ऐकायचो डोक्याने. कॉलेजच्या ग्रंथालयात दोन-तीन जुनी परदेशी मासिकं होती, त्यातली वाक्यं मला पाठ. जन्या ऐकायचा हातांनी. तो गावच्या भजनात पखवाज वाजवायचा, हळदीत ढोलकी. 'थर्मो' मध्ये मध्यावर एक भाग आहे, तिथे सगळी वाद्यं लंगडत धावल्यासारखी वाटतात. मी त्याला सांगत होतो, इथे आठ मात्रांचं चक्र मुद्दाम मोडलेलं आहे. तो भाकरी खात होता. डाव्या हाताने लादीवर दोन वेळा ठेका धरला आणि म्हणाला, "आरं सात हायत. तू आठ मोजतंस म्हनून तुना मोडल्यासारखं वाटतं. यो रूपक हाय."

"रूपक ताल कसा असेल? इंग्लंडमधले आहेत ते."

"मंग त्यांना सात मोजता येत नाय कं?"

मी त्याला समजावलं की हे वेगळं असतं. तो "बरं" म्हणाला आणि उरलेली भाकरी खाल्ली. मी पुढचे चार दिवस कुणी नसताना बोटांवर मोजत होतो. सातच होत्या.

'थर्मो' चा शेवट. वीस मिनिटं ती रचना चढत जाते. ऑर्गन एकावर एक थर रचतो, गायक एका शब्दावर थांबतो, सगळे मिळून आता शेवटच्या पायरीवर पाय ठेवणार, आणि तेवढ्यात तुटतं. सुराच्या मधोमध. नंतर खट् असा एक आवाज, आणि शांतता. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. हे धाडस. श्रोत्याला कड्याच्या टोकापर्यंत नेऊन हात सोडून द्यायचा. त्या खट्लाही मी अर्थ दिलेला : दार बंद झाल्याचा. यावर मी वहीत चार पानं लिहिली. थर्मोडायनॅमिक्सच्याच वहीत, मागच्या बाजूने.

मग मी कॉलेजातल्या तिघांना फ्लॅटवर बोलावलं. ठाण्याची मुलं, घरी चांगले डेक असलेली. मला त्यांच्यावर छाप पाडायची होती. शेवट झाला, खट् झालं, आणि मी माझी चार पानं बोलून दाखवली. मी जिंकत होतो. तेवढ्यात खिडकीशी बसलेला जन्या म्हणाला, "मना तं अर्धाच वाटतं. सम आली नाय. यो मानूस घरी पोचला नाय अजून. पुढं हाय काय तरी."

मी म्हणालो, "जन्या, हे तुमचं भजन नाही, शेवटी सगळ्यांना प्रसाद मिळायला."

तिघे जोरात हसले. मीही हसलो, सगळ्यात जोरात. जन्या हसला नाही, रागावलाही नाही. उठून खिडक्या लावून घेतल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या जिन्यात उभा राहून त्याने चावी माझ्या हातात दिली. "तू बस तिकरं अभ्यासाला. मना घरी काम हाय." काम वगैरे काही नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. त्याच वेळी दोन शब्द बोललो असतो तर निभावलं असतं. मी म्हणालो, "टेपमध्ये सेल आहेत ना?"

पुढचे पंधरा दिवस मी त्या फ्लॅटमध्ये एकटा. अभ्यास आम्ही दोघांनी वाटून घेतलेला असायचा : थिअरी मी सांगायचो, गणितं तो सोडवायचा. आता गणितं सोडवायला कुणी नव्हतं, म्हणून मी कॅसेट ऐकायचो. कॅसेटवर विषयाचं नाव लिहिल्याने विषय येत नाही, हे मला निकालाच्या दिवशी कळलं. थर्मोमध्ये मी नापास. जन्या पास झाला. त्यानंतर लग्नकार्यात भेटायचो, "काय म्हणतोस", "बरंय", एवढंच. त्याच्या मुलीच्या लग्नाला मी आहेर देऊन न जेवता परत आलो. बायकोने विचारलं तेव्हा पित्ताचं कारण सांगितलं.

आता वाचणारा विचारेल, इतक्या वर्षांत तुम्ही तो अल्बम दुसरीकडे कुठे ऐकला नाहीत का? तर नाही. मी निष्ठावंत माणूस आहे. कॅसेटींचे दिवस संपले तेव्हा मी माझीच कॅसेट संगणकावर चढवून घेतली, तिथून फोनवर, खट्सकट. बाकीच्या आवृत्त्या भेसळीच्या, असं माझं मत. एकदा नेटवर त्या रचनेची लांबी सव्वीस मिनिटं दिसली. मी क्षणभर थांबलो, आणि नव्या आवृत्तीवाल्यांनी शेपूट जोडलंय, असा निर्णय देऊन पुढे गेलो. चूक सापडायची संधी मला अनेकदा आली. मी दर वेळी तिला नम्रपणे वाट करून दिली.

ठाण्याला महिन्यातल्या एका रविवारी सकाळी दहा-बारा जण जुन्या रेकॉर्डी ऐकायला जमतात. निवृत्त शिक्षिका लेलेकाकू, त्यांच्या घरी. गेल्या महिन्यात तिथे माझं भाषण ठेवलेलं, विषय : या बँडचे अल्बम. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. 'स्ट्रेंग्थ' ला झोडपलं, 'फ्लुइड' वाल्यांना दुखावलं, आणि 'थर्मो' च्या शेवटावर वीस मिनिटं बोललो. थांबण्याचं धैर्य, अपूर्णतेचं सौंदर्य, बंद होणारं दार. लोक माना डोलवत होते. काकू म्हणाल्या, "छान. आता ऐकूया," आणि त्यांनी मूळ रेकॉर्ड काढली. त्यांच्या भावाने लंडनहून आणलेली.

वीस मिनिटं होत आली. मी उभा राहिलो. ऑर्गन चढला, गायक थांबला. नेमक्या जागी तुटणार म्हणून मी हात वर करून मूठ मिटली, वाद्यवृंदाचं संचालन करणाऱ्यासारखी.

संगीत चालू राहिलं.

माझा हात हवेत. मूठ मिटलेली. काकूंनी चष्म्यावरून बघितलं आणि अगदी शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "हात खाली घ्या. अजून सहा मिनिटं आहेत."

ती सहा मिनिटं मी खाली बसून ऐकली. त्यात तो सात मात्रांचा ठेका परत येतो, पण आता सावकाश, दमलेल्या माणसासारखा. मग घंटा. मग सगळी वाद्यं एका जागी येतात आणि ज्या पायरीची वीस मिनिटं वाट बघितली तिच्यावर पाय पडतो. सम. आणि त्यानंतर दोन मिनिटं पुन्हा घंटा. खोलीतलं कुणीही हसलं नाही, हे वाईट झालं. हसले असते तर मला तोंड लपवायला जागा मिळाली असती.

घरी येऊन माळ्यावरची कॅसेट शोधली. 'थर्मो' चं लेबल नखाने खरवडलं. खाली लाल अक्षरांत छापलेलं होतं : श्रीसत्यनारायण पूजा, भाग दोन. त्या मार्चमध्ये कोऱ्या कॅसेटी संपल्या होत्या, म्हणून आईची पूजेची कॅसेट उचलून, तिच्यावर नवं भरता यावं म्हणून वरच्या खाचा चिकटपट्टीने बुजवून, मीच डॉक्टरांकडे नेऊन दिलेली. एका बाजूला वीस मिनिटांचीच फीत. डॉक्टर रेकॉर्डिंग लावून पेशंटकडे गेले असणार. सहा मिनिटं मावली नाहीत. शेवटचं खट् म्हणजे फीत संपल्यावर उडणारं डेकचं बटण. आईची कॅसेट मी पळवली हे मला माहीत होतं, आणि 'थर्मो' अचानक तुटतो हेही माहीत होतं. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी राहायच्या, पण कधी ओळख झाली नाही.

बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"मग जन्याभावजींना फोन कर ना."

"फोनवर काय सांगू?"

"सांग की मला काही कळत नाही. त्यांना ते नवीन नाही, पण तुझ्या तोंडून ऐकून बरं वाटेल."

ती सव्वीस मिनिटांची आवृत्ती मी नेटवरून फोनवर उतरवून घेतली, पण तीन आठवडे जन्याला फोन केला नाही. गच्चीवर चकरा मारल्या, आणि खाली येऊन हे इथवर लिहिलं. शेवटी काल सकाळी, टाकीपाशी कुठल्याशा मुलीचं पाठांतर अडकलं आणि ती तेच वाक्य सात-आठ वेळा म्हणायला लागली, तेव्हा मी जिना उतरलो तो थेट रस्त्यालाच लागलो.

जन्याचा आता हळदीला, लग्नाला साऊंड पुरवायचा धंदा आहे. गावाच्या टोकाला पत्र्याचा गाळा, आत कपाटाएवढे स्पीकर छतापर्यंत रचलेले. तो चष्मा नाकावर ओढून कसलीशी वायर सोल्डरने डागत होता. केस पांढरे, हात तेच.

"नंद्या? कोनाची हलद?"

"कुणाची नाही."

"मंग?"

"एक गाणं ऐकवायचंय."

त्याने डागणी बाजूला ठेवली. माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं. "थर्मो?"

मी मान हलवली. त्याने फोनला वायर जोडली, दोन बटणं सरकवली आणि एका खोक्यावर बसला. मी उभाच. विचारलं, "कुठून लावू?"

"पयल्यापासून नको, गिऱ्हाईक येतील. रूपक लागतो तिथशी लाव."

त्या स्पीकरांतून 'थर्मो' असा आला की गाळ्याचे पत्रे थरथरले. जन्या डोळे मिटून बसला. बोटं खोक्यावर चालत होती, सात, सात, सात. ऑर्गन चढला. तुटायची जागा आली आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. जागा गेली. संगीत पुढे सरकलं, त्याची बोटंही. घंटा झाली. आणि समेवर, वाद्यांच्या किंचित आधी, त्याचा तळवा खोक्यावर पडला.

मग दोन मिनिटं घंटा वाजत राहिल्या, आणि गाणं संपलं. बाहेर एक रिक्षा गेली.

"तू बरोबर होतास," मी म्हणालो. "पुढे होतं. आणि त्या दिवशी मी त्या पोरांसमोर तुला जे बोललो, ते बोलायला नको होतं. माझी कॅसेट छोटी होती, जन्या."

"कॅसेटीला कशाला मधी आनतंस."

त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला, परत लावला. म्हणाला, "पोरीच्या लग्नात जेवला नव्हतास."

"नव्हतो."

"आयनं विचारलेलं. नंदू कुठं बसलाय जेवायला." तो थोडा वेळ वायरीशी खेळला. "बरं. आलास ना."

मग मान तिरकी करून म्हणाला, "पन एक सांगू? शेवट बेकार हाय."

"काय?"

"आरं पोचला ना घरी? मंग गप बसावं. समेवर आल्यावर आनखी दोन मिनिटं घंटा वाजवत कं फिरतं त्यो? सत्कार हाय का त्याचा?"

"अरे पण तूच म्हणाला होतास ना, पुढे आहे म्हणून."

"पुढं हाय, बोल्लेलो. चांगला हाय, असं कंदी बोल्लो?"

तीन आठवडे मी ती सहा मिनिटं देव्हाऱ्यात ठेवल्यासारखी जपत होतो. त्यांच्यावर नवी चार पानं लिहून झालेली, लेलेकाकूंकडे दुसरं भाषण द्यायचं मनात होतं. घंटा का हव्यात, याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, मुद्देसूद आणि टोकदार, ऐकणाऱ्याला जागेवर बसवेल असं. ते ओठांपर्यंत आलंही. मी ते गिळलं.

"कुठे बेकार आहे ते दाखव," मी म्हणालो.

जन्याने पायानेच एक खोकं माझ्याकडे सरकवलं. "बस. आन समेच्या जरा मागं घे."